अकरा-एक

मॉस्कोत १६ सप्टेंबर १९५५ रोजी भारतीय फुटबॉल संघानं एक गोल केला. सोव्हिएत संघानं त्या दिवशी अकरा केले, पण ते जरा बाजूला राहू द्या. सोव्हिएत संघाच्या उभ्या कारकिर्दीत याहून मोठा विजय नाही. दोन वर्षांनी त्यांनी हेलसिंकीत जाऊन फिनलंडवर दहा चढवले, पण अकरावा काही गेला नाही. पुढे १९९१ साली तो देशच गुंडाळला गेला आणि अकरावा जाण्याची शक्यताही मिटली. विक्रम मोडण्यासाठीच असतात म्हणतात. हा एक अमर झाला. आपल्या बाजूनं पाहिलं तर तोच आपला सर्वांत मोठा पराभव. आपला देश जागच्या जागी असल्यामुळे तो मोडायची संधी आपल्याला मात्र अजून आहे.

इतर कुठे हा सामना कुणाला आठवत असेल-नसेल. भिलाईच्या कॅम्प-१ मध्ये तो आठवावाच लागतो, कारण त्याच वर्षी त्याच देशानं आमचं गाव घडवायला घेतलं. २ फेब्रुवारी १९५५ ला पोलाद कारखान्याचा करार झाला, सप्टेंबरात अकरा गोल झाले आणि नोव्हेंबरात ख्रुश्चेव्ह-बुल्गानिन ही जोडी भारतात येऊन गळ्यात हार घालून हिंडली. आधी शब्द दिला, मग घरी बोलावून धुतलं आणि मग आपल्याकडे जेवायला आले. सोयरिकीत याहून वेगळं काय होतं?

कारखाना उभा राहत होता तेव्हा मजुरांसाठी ज्या छावण्या पडल्या, त्यांतली एक म्हणजे कॅम्प-१. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या ब्लास्ट फर्नेसचं उद्घाटन झालं. रुळांच्या पलीकडे सेक्टरांची आखीव टाउनशिप झाली, तिथे झाडं लागली, क्वार्टरांना नंबर पडले. छावणी मात्र उठली नाही. पॉवर हाऊस स्टेशनला उतरून आमच्याकडे या, तात्पुरत्या वस्तीची तिसरी पिढी दारात स्कूटर धुताना दिसेल. भंडारा-गोंदियाकडून आलेली आमच्यासारखी मराठी घरं, शेजारी आंध्रातले, समोर मल्याळी, कोपऱ्यावर बंगाली, आणि ज्यांची ही मूळ भूमी ते छत्तीसगढी. अशा गल्लीत फुटबॉल हा विषय टाळता येत नाही. आणि मराठी माणसाला त्यात स्वतःचा संघ नसल्यामुळे हिशेब ठेवण्याचं काम आपोआप त्याच्याकडे येतं.

विक्रमाची आवड तशी आम्हा सगळ्यांनाच. इथे रेकॉर्ड हा शब्द पोरांच्या कानावर पहिल्यांदा पडतो तो खेळामुळे नाही. अमक्या मिलनं महिन्याचं रेकॉर्ड केलं, की घरी मिठाईचा डबा येतो. कोणत्या मिलनं, किती टनांचं, ते विचारायचं नाही. डबा अर्ध्या किलोचा की पाव किलोचा यावरून ते कळतं. देशातल्या उत्कृष्ट पोलाद कारखान्यासाठीची पंतप्रधानांची ट्रॉफी भिलाईनं अकरा वेळा मिळवली. पुन्हा अकरा. अकरावी आली तेव्हा आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त फोरमननं, चहाचा कप खाली ठेवून, ‘पंचावन्न सालची उधारी फिटली’ असं जाहीर केलं होतं.

पण कारखान्याचा विक्रम आणि फुटबॉलचा विक्रम यांत एक मूलभूत फरक आहे. भिलाईत पोलाद जास्त निघालं म्हणून राउरकेल्यात ते कमी होत नाही. फुटबॉलमध्ये एकट्यानं विक्रम करताच येत नाही. समोर कुणीतरी लागतं. फ्रान्सच्या जुस्त फाँतेननं १९५८ च्या एकाच विश्वचषकात तेरा गोल केले, तेही बूट फाटल्यामुळे सहकाऱ्याचे उसने बूट घालून. हे सगळ्यांना पाठ असतं. ते तेरा कुणाकुणाच्या जाळ्यात गेले, हे विचारा. त्यांतले चार एकट्या पश्चिम जर्मनीनं खाल्ले, तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात. म्हणजे ज्या सामन्याला जायचा कुणाचाच मूड नसतो, त्यात. नोंदवहीत केलेल्या गोलांचा रकाना असतो, खाल्लेल्यांचा नसतो. आमच्या कॅम्पाची सहानुभूती उपजतच दुसऱ्या रकान्याकडे. सेक्टरवाल्यांचं ठाऊक नाही.

या दुसऱ्या रकान्यातलं सर्वांत मोठं नाव अमेरिकन समोआचं. ११ एप्रिल २००१ ला ऑस्ट्रेलियानं त्यांना ३१-० असं हरवलं. आर्ची थॉम्पसन या एकट्या गड्यानं तेरा गोल केले. फाँतेनला तेरा करायला एक अख्खी स्पर्धा लागली होती, ह्यानं दीड तासात उरकले. मजा अशी की सामना संपला तेव्हा स्कोअरबोर्डवर बत्तीस लागले होते. मोजणाऱ्याचा हिशेब चुकला होता. नंतर बसून पुन्हा मोजले आणि एक कमी केला. बत्तीसातून एक वजा झाल्यावर अमेरिकन समोआच्या गोलकीपरला, निकी सलापूला, किती हलकं वाटलं असेल याची कल्पना करत आम्ही पुष्कळ संध्याकाळी घालवल्या आहेत. हाच सलापू दहा वर्षांनी, २०११ साली, टोंगाविरुद्ध गोलमध्ये उभा होता आणि अमेरिकन समोआनं फिफाच्या नोंदीतला आपला पहिलावहिला विजय २-१ असा मिळवला. आमच्या हिशेबात तो फाँतेनच्या वर आहे.

आपलंही खातं या रकान्यात चांगलं भरलेलं. १९४८ ला लंडनच्या ऑलिम्पिकमध्ये आपले बहुतेक गडी अनवाणी उतरले आणि फ्रान्सशी २-१ नं हरले. दोन पेनल्टी वाया घालवल्या, नाहीतर त्या दिवशी अनवाण्यांनी बूटवाल्यांना घरी पाठवलं असतं. १९५० चा ब्राझीलचा विश्वचषक म्हणजे नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. आपल्या पात्रता गटातल्या बाकीच्यांनी माघार घेतल्यामुळे आपण एकही सामना न खेळता पात्र ठरलो. इटली, स्वीडन, पॅराग्वे यांच्या गटात नावही पडलं. आणि आपण गेलोच नाही. अनवाणी खेळू दिलं नाही म्हणून गेलो नाही, ही गोष्ट आमच्या ठेल्यावर आजही दिवसाआड सांगितली जाते आणि ऐकायला फार छान वाटते. खरी कारणं फार गद्य आहेत. लांबचा समुद्रप्रवास, खर्च (ब्राझील त्यातला बराचसा उचलायला तयार होतं तरी), संघनिवडीचा घोळ, आणि ऑलिम्पिकपुढे विश्वचषक म्हणजे काय मोठं, ही तेव्हाची समजूत. न खेळता पात्र झालो आणि न खेळता बाहेर पडलो. दोन्हीकडून पाटी कोरी.

अनवाणी खेळणं अंगाशी आलं ते १९५२ ला. हेलसिंकीच्या थंडीत अनवाणी पायांनी आपण युगोस्लाव्हियाकडून १०-१ असे हरलो आणि मग फुटबॉल महासंघानं बूट सक्तीचे केले. बूट घालून तीन वर्षं सराव केला आणि मॉस्कोत ११-१. प्रगती म्हणावी की काय, या मुद्द्यावर आमचे वडील आणि समोरचे मल्याळी फिटर यांच्यात अनेक वर्षं मतभेद होते. फिटरांचं म्हणणं, दोन्ही वेळा एक गोल केला यातलं सातत्य बघा.

आणि इथेच गोष्ट वळण घेते. दहा-एक आणि अकरा-एक खाल्लेला हा संघ पुढच्याच वर्षी मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये चौथा आला. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम, हैदराबादचे. पहिला सामना हंगेरीशी होता; त्या हिवाळ्याच्या तोंडाशी सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले होते आणि हंगेरीचा फुटबॉल संघ स्पर्धेतून बाहेर पडला. आपल्याला पुढे चाल मिळाली. दुसऱ्याच्या घरावर कोसळलेल्या संकटातून आपली वाट मोकळी झाली, हे बोलायला बरं नाही, पण वहीत लिहिणं भाग आहे. पुढच्या फेरीत यजमान ऑस्ट्रेलियाला आपण ४-२ असं हरवलं, त्यांतले तीन गोल नेव्हिल डिसोझाचे. मुंबईकडून खेळणारा, गोमंतकीय घरातला हा पोरगा ऑलिम्पिकमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई ठरला. उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हिया. पुन्हा डिसोझा; पहिला गोल आपलाच. पुढे चार खाल्ले आणि ४-१ नं हरलो, मग बल्गेरियाकडूनही तीन खाल्ले. एक सामना जिंकून चौथे! डिसोझा चार गोलांसह स्पर्धेतल्या सर्वाधिक गोल करणाऱ्यांत बरोबरीनं पहिला. चार वर्षांपूर्वी ज्यांनी दहा मारले त्यांनाच चारवर रोखलं, याला फिटरकाका ‘सहा गोलांची बचत’ म्हणत. सुवर्णपदक सोव्हिएत संघानं नेलं. पण त्यांनासुद्धा इंडोनेशियानं एकदा ०-० असं अडवून पुन्हा खेळायला लावलं होतं.

सोव्हिएत फुटबॉलचं कौतुक भिलाईत कसं होतं हे आजच्या पोरांना सांगून पटत नाही. रशियन इंजिनिअर सेक्टरात राहायचे. कॅम्पापर्यंत ते क्वचितच पोचत, पण त्यांच्या बातम्या पोचत. लेव्ह याशिन हा गोलकीपर आमच्या आधीच्या पिढीला इतका ओळखीचा, की जणू कारखान्यात क्रेनवरच होता. १९६३ साली त्याला युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूचा बॅलन डी’ओर मिळाला. गोलकीपरला तो मिळाल्याचं दुसरं उदाहरण नाही. युरोपचं पहिलं अजिंक्यपद, १९६० चं, सोव्हिएत संघानंच पॅरिसमध्ये जिंकलं. त्याआधी स्पेनच्या फ्रँकोनं कम्युनिस्टांशी खेळायला आपला संघच पाठवला नाही, म्हणून त्यांनाही उपांत्यपूर्व फेरीत फुकट पुढे चाल मिळाली होती. म्हणजे पुढे चाल मिळून मोठे झालेले आम्ही एकटेच नव्हतो.

त्यांच्या नशिबाचं पारडं फिरलं १९६८ ला. नेपल्समध्ये इटलीशी उपांत्य सामना, जादा वेळ धरूनही ०-०. पेनल्टी शूटआउटची सोय तेव्हा नव्हती. रेफ्रींनी दोन्ही कॅप्टनांना आत नेलं आणि नाणं उडवलं. इटलीच्या फाक्केत्तीनं बरोबर बोललं, आणि त्या नाण्यावर इटली अंतिम सामन्यात जाऊन पुढे युरोपचा विजेता झाला. महासत्ता, पंचवार्षिक योजना, अवकाशात माणूस, आणि शेवटी छापा की काटा. क्रिकेटमध्ये निदान नाणेफेकीनंतर खेळतात तरी! विश्वचषकात सोव्हिएत संघाची सर्वांत चांगली मजल म्हणजे १९६६ चा चौथा क्रमांक. म्हणजे ज्यांनी आम्हाला अकरा मारले ते चौथे, आणि ज्यांनी अकरा खाल्ले ते आम्हीही चौथे. स्पर्धा वेगळ्या होत्या, हे मान्य. पण हे फार जोरात बोलायचं नाही असं गल्लीत ठरलेलं आहे.

१९८६ च्या मेक्सिको विश्वचषकाच्या वेळी आमच्या गल्लीत टीव्ही एकाच घरी होता आणि तो काळापांढरा होता. अंगणात खुर्चीवर टीव्ही, त्याच्यावर नायलॉनची ओढणी, पुढे सतरंज्या, आणि छपरावर अँटेना धरून एक मुलगा. ‘आलं का?’ ‘आलं!’ ‘आता?’ ‘गेलं! डावीकडे फिरव, डावीकडे! तुझ्या डावीकडे नाही, माझ्या!’ एवढा संवाद प्रत्येक सामन्याला कॉमेंट्रीसारखा चालायचा. मेक्सिकोतल्या दुपारचा सामना आपल्याकडे रात्री साडेअकराला सुरू व्हायचा, त्यामुळे नाइट शिफ्टवाले आधी शिव्या देत, मग सायकली काढून जात आणि सकाळी परत आल्यावर, झोपण्याआधी, ‘किती?’ एवढंच विचारत. अर्जेंटिना-इंग्लंडच्या सामन्याला मात्र ‘किती?’ एवढ्यावर भागलं नाही; ‘कशानं?’ असंही विचारावं लागलं. कारखान्याच्या भिंतीभिंतीवर लिहिलेलं असतं की चालू यंत्रात हात घालू नका. मॅराडोनानं घातला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, इथे हात दाखवून विश्वचषक मिळाला. कोपऱ्यावरच्या बंगाली दादांनी त्या रात्रीपासून अर्जेंटिना घेतली ती कायमची, आणि फिटरकाका ब्राझीलचे होते ते आणखी कट्टर ब्राझीलचे झाले. सोव्हिएत संघ त्याच स्पर्धेत हंगेरीला सहा गोल मारून बेल्जियमकडून ४-३ नं बाहेर गेला होता. बेलानोव्हची हॅटट्रिक वाया गेली. त्या दिवशी कुणी फारसं बोललं नाही. आपल्याच माणसाचं लग्न मोडल्यावर काय बोलणार?

मग तो देश गेला. १९९४ ला अमेरिकेत ‘रशिया’ म्हणून संघ आला, तेव्हा ह्यांना जुनं खातं चालू ठेवायचं की नवं उघडायचं, हा प्रश्न आमच्या वहीपुढे उभा राहिला. त्यातच २८ जूनचा कॅमेरूनविरुद्धचा सामना आला. ओलेग सालेंको नावाच्या गड्यानं एकट्यानं पाच गोल केले. विश्वचषकाच्या एका सामन्यात पाच करणारा तो पहिला. रशिया ६-१ नं जिंकला आणि तरीही स्पर्धेबाहेर गेला. सालेंको सहा गोलांसह सर्वाधिक गोल करणाऱ्यांत संयुक्त पहिला आला. रशियासाठी त्याचे एकूण आंतरराष्ट्रीय गोलही तेवढेच, सहा. त्यानंतर देशासाठी एकही नाही. आयुष्याची सगळी दिवाळी त्यानं दोन सामन्यांत केली. आणि कॅमेरूनचा तो एक गोल? तो रॉजर मिलाचा. वय बेचाळीस. विश्वचषकात गोल करणारा सर्वांत वयस्क माणूस म्हणून त्या गोलानं त्याची नोंद झाली. सहा खाणाऱ्या संघाच्या पदरीही त्याच सामन्यात एक विक्रम पडला! दुसऱ्या रकान्याचा असा सन्मान एरवी पाहायला मिळत नाही.

खरी परीक्षा झाली ती २०१४ ला, बेलो होरिझोंतेमधल्या ब्राझील-जर्मनी सामन्यात. आपल्याकडे रात्रीचा दीड वाजून गेलेला. एव्हाना घरोघरी रंगीत टीव्ही आले होते, पण फिटरकाकांच्या अंगणात बसायची सवय मोडली नव्हती. जर्मनीचा पहिला गोल झाला तेव्हा काका म्हणाले, होतं असं. तेविसाव्या मिनिटाला क्लोसेनं दुसरा केला. तो त्याचा विश्वचषकातला सोळावा, म्हणजे ब्राझीलच्याच रोनाल्डोचा पंधराचा विक्रम ब्राझीलमध्येच, रोनाल्डो स्टेडियमात बसलेला असताना मोडला. काकू चहा आणायला आत गेल्या आणि ट्रे घेऊन बाहेर आल्या तेवढ्यात ५-० झालं होतं. सहा मिनिटांत चार गोल. त्यांना वाटलं, जुनेच परत दाखवताहेत. शेवटी ७-१. बंगाली दादांचा हा आयुष्यातला सोन्याचा क्षण. अठ्ठावीस वर्षं ज्याची वाट पाहिली तो. ते उठले, फिटरकाकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘सात-एकचं काय घेऊन बसलात दादा, आपण अकरा-एकवाले लोक.’ काका हसले नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, ‘पण तोही एक गोल शेवटीच आला.’ ब्राझीलच्या ऑस्करनं तो नव्वदाव्या मिनिटाला केला होता.

कोल्हापूरचा माझा आतेभाऊ या सगळ्याला भिलाईचं रडगाणं म्हणतो. त्याच्याकडे तालमी फुटबॉल खेळतात. पाटाकडील तालीम विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ असा सामना शाहू स्टेडियमवर असला की पेठांतल्या सोयरिकीसुद्धा त्या दिवसापुरत्या स्थगित होतात, आणि विश्वचषकाच्या दिवसांत गल्लीच्या तोंडाशी मेस्सी आणि नेमार एकमेकांकडे पाठ करून फ्लेक्सवर उभे असतात. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, हे तो दर फोनला सांगतो. त्या स्पर्धेत जिक्सन सिंगनं कोलंबियाविरुद्ध केलेला गोल हा कोणत्याही फिफा विश्वचषकातला भारताचा पहिला. दुसऱ्याच मिनिटाला कोलंबियानं पुढचा गोल केला आणि सामना नेला, हे मी सांगतो. फोन साधारण इथवर आला की तो ठरलेला प्रश्न टाकतो : तुमच्या भिलाईनं फुटबॉलला दिलं काय?

परवा मी उत्तर तयार ठेवलं होतं. म्हटलं, मोहन बागान आणि ईस्ट बंगाल वर्षानुवर्षं मुंबईला रोव्हर्स कप खेळायला यायचे ना, तो हावडा-नागपूर-मुंबई रेल्वेमार्ग आमच्या कॅम्पाशेजारून जातो. भारतीय फुटबॉल आमच्या दारावरून ये-जा करत होता, आणि देशभर तो ज्या रुळांवरून फिरला ते आम्ही घडवले. आज भिलाईत एकशे तीस मीटरचा अखंड रूळ निघतो. तुमचं फुटबॉलचं मैदान एकशे पाच मीटरचं. आमचा एक रूळ शाहू स्टेडियमवर आडवा टाकला तर दुसऱ्या टोकाचा गोलपोस्ट फोडून पंचवीस मीटर बाहेर जाईल.

पलीकडे क्षणभर शांतता. मग आतेभाऊ म्हणाला, ‘जाऊ दे की. आमच्याकडं त्याला ऑफसाइड म्हणत्यात.’